जीपचा टप: कापडी की कडक, आणि बदलायचा झाला तर

थार किंवा तशीच एखादी गाडी घ्यायची म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी एवढंच विचारतो: गाडी रात्री कुठे उभी राहणार? समोरच्याला हा प्रश्न आडवळणाचा वाटतो. त्याला इंजिनाबद्दल बोलायचं असतं, टायरबद्दल बोलायचं असतं. टपाचा विषय निघालाच तर कापडी टप रुबाबदार दिसतो की कडक, इतकाच. पण टपाचा सगळा निकाल त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात असतो. तो कसा, हे समजायला या गाडीचा टप मुळात काय असतो ते आधी पाहू.

आपल्या नेहमीच्या कारचं छप्पर हा तिच्या हाडांचाच भाग असतो. तळ, खांब आणि छप्पर मिळून एक बंद पेटी होते आणि गाडीची ताकद त्या पेटीत असते. छप्पर कापलं तर गाडी मधूनच लवायला लागेल. जीपच्या जातीची गाडी वेगळी. तिच्याखाली शिडीसारखी जाड चासी असते. इंजिन, चाकं, वजन, झटके सगळं ती शिडी सोसते. तिच्यावर बसवलेलं पत्र्याचं शरीर म्हणजे वरून उघडा हौद. त्यावर काय झाकायचं ते आपण ठरवायचं, कारण त्या झाकणावर गाडीची ताकद अवलंबून नाही. १९४१ सालच्या विलीस जीपवर लोखंडी कमानी आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास होतं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी त्याच जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात जीप म्हटलं की कॅनव्हासचा हूडच डोळ्यांसमोर येई. कंपनीतून बसवून मिळणारा साच्यातला प्लॅस्टिकचा कडक टप अमेरिकेत १९७६ मध्ये आलेल्या सीजे-७ या जीपवर मिळू लागला.

यातून निघणारी एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. गाडी उलटली तर टप तुम्हाला वाचवत नाही. कापडी तर नाहीच, पण बहुतेक कडक टपही नाही, कारण तो फायबरचा असतो. फायबर म्हणजे काचतंतू आणि राळ यांचं मिश्रण, पत्रा नव्हे. वाचवतो तो आतला रोल केज, म्हणजे डोक्यावरून गेलेला नळ्यांचा पिंजरा, आणि कमरेचा पट्टा. 'कडक टप जास्त सुरक्षित' असं ऐकून कोणी निर्णय घेत असेल तर त्याने तो परत तपासावा. चोरापासून सुरक्षित, हे खरं. अपघातापासून नाही.

आता कापड. आपण सगळ्याला सरसकट कॅनव्हास म्हणतो, पण त्यात मुख्य दोन जाती आहेत. पहिली रेक्झिनसारखी: पॉलिएस्टरच्या विणीवर प्लॅस्टिकचा लेप. स्वस्त, फडक्याने पुसून स्वच्छ होणारी, पाणी अजिबात न पिणारी. पण उन्हात आखडणारी आणि वेगात फडफडणारी. दुसरी खरोखर विणलेली: वरून ॲक्रिलिकची वीण, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. हिचा रंग उन्हात टिकतो, आवाज कमी येतो आणि घड्या चांगल्या बसतात. पण विणीत धूळ शिरते, आणि ओली असताना घडी घालून ठेवली तर बुरशी धरते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे ओल्या कापडाचं काय होईल ते सांगायला नको.

कापडातून पाणी येत नाही, ते येतं शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक दार असतं. जुन्या कॅनव्हासवर सुती दोरा असायचा. तो भिजला की फुगायचा आणि भोक आपोआप बुजायचं. पॉलिएस्टरचा दोरा टिकाऊ, पण फुगत नाही. म्हणून चांगला हूड शिवणारा कुशनवाला शिवण दुहेरी घालतो आणि आतून पट्टी चिकटवतो. नवा हूड घेताना कापडाचा पोत हाताने बघू नका, तो उलटा करून शिवणीची आतली बाजू बघा. पट्टी नसेल तर ताम्हिणीच्या पहिल्याच पावसात मांडीवर थेंब पडायला लागतील. माझ्या जुन्या जीपवर मी हे भोगलं आहे. पुण्याहून निघाल्यावर मुळशीपर्यंत सगळं ठीक होतं. घाटात मात्र पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून धार लागली ती माणगाव येईपर्यंत थांबली नाही.

कापडी टपाच्या खिडक्या हा वेगळाच विषय. त्या काचेच्या नसतात, पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. ऊन त्यांना पिवळं करतं, थंडी कडक करते, आणि कोरडं फडकं त्यांचा जीव घेतं. खिडकीवर बसलेली धूळ म्हणजे बारीक दगडच. कोरड्या फडक्याने पुसली की प्रत्येक कण ओरखडा काढतो, आणि संध्याकाळी समोरून दिवे आले की सगळी खिडकी पांढरी होते. आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ ओल्या कापडाने पुसा. सह्याद्रीच्या वाटांवर आणखी एक शत्रू आहे: करवंदीची जाळी. अरुंद वाटेवर जाळी गाडीला घासत गेली तर काचेला काही होत नाही, प्लॅस्टिकला मात्र कायमची रेघ पडते. ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईत कापडी टपाची गाडी कधीही घालू नका.

इतकं सगळं असूनही लोक कापड का घेतात? कारण दोन माणसं दहा मिनिटांत ते मागे दुमडू शकतात आणि आकाश मिळतं. कडक टप हे देऊ शकत नाही. डिसेंबरच्या सकाळी नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला उघड्या जीपमधून गेलेला माणूस बाकीचे सगळे तोटे माफ करतो. मीही केले आहेत.

कडक टपाचे फायदे मात्र रोजचे आहेत. गाडी कुलूपबंद राहते. कापडी टप ब्लेडने कापता येतो, म्हणून अमेरिकेत कित्येक जण मौल्यवान काहीही आत न ठेवता दारं मुद्दाम उघडी ठेवतात, कारण आत काहीच नाही हे पाहून चोर परत जातो, तोच बंद दार पाहून टप फाडतो. कडक टपात एसी टिकतो, वेगात बोललेलं ऐकू येतं, आणि मागे खरी काच असते. तिला वायपर असतो, बऱ्याचदा धुकं घालवणाऱ्या गरम तारा असतात. आंबोलीच्या किंवा माळशेजच्या धुक्यात मागचं दिसणं ही चैन नाही. दोष एवढाच की आतून अस्तर नसलेला फायबरचा टप ढोलासारखा घुमतो. खडबडीत रस्त्यावर तो आवाज डोकं उठवतो, आणि मे महिन्यात तोच टप डोक्यावर तव्यासारखा तापतो. अस्तर लावलं की दोन्ही त्रास बरेच कमी होतात, त्यामुळे कडक टप घेणाऱ्याने अस्तराचे पैसे त्यातच धरावेत.

'मग दोन्ही घेऊ, पावसाळ्यात कडक आणि हिवाळ्यात कापडी' असं म्हणणारे बरेच भेटतात. कल्पना चांगली आहे, पण ती गाडी तशी बनवलेली असेल तरच. जीप रँगलर तशी बनवली आहे. अमेरिकेत ती दोन्ही टपांसकट विकत मिळते. माझा मावसभाऊ मिशिगनमध्ये राहतो. दर मे महिन्यात तो कडक टप उतरवतो आणि ऑक्टोबरमध्ये परत चढवतो. एका मे महिन्यात मी तिथे होतो. 'दादा, फक्त पकडून उभा राहा, ओढू नकोस,' असं त्याने मला आधीच बजावलं होतं. ते का, ते काम सुरू झाल्यावर समजलं.

रँगलरचा कडक टप तीन तुकड्यांचा असतो. पुढे डोक्यावरचे दोन लहान तुकडे आतल्या खटक्यांनी सुटतात, ते एकटा माणूस काढतो. मागचा मोठा तुकडा बाजूच्या खिडक्या आणि मागची काच यांसकट एकसंध असतो. क्रम ठरलेला आहे: उतरवताना आधी पुढचे दोन, मग मागचा, चढवताना आधी मागचा. मागचा तुकडा नसताना पुढचे दोन लावून गाडी चालवायची नाही. मग मागचा फाळका पूर्ण उघडायचा. आतल्या कोपऱ्यात विजेच्या तारांचा प्लग आणि वायपरच्या पाण्याची बारीक नळी असते, ती दोन्ही सोडवायची. घाईत विसरण्यासारखी हीच गोष्ट, आणि महागात पडणारीही हीच. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या कडेचे चांदणीच्या तोंडाचे बोल्ट, टी-५० मापाचे. गाडीसोबत मिळणाऱ्या अवजारांत त्याचा पाना असतो.

आता तुकडा सुटा झाला. चार दारांच्या गाडीवर त्याचं वजन जवळजवळ एका माणसाएवढं भरतं, आणि आकार एवढा ऐसपैस की वजनापेक्षा तोल सांभाळणं कठीण. तो सरळ वर उचलावा लागतो. कोणी एका बाजूने ओढला तर खालची कड गाडीच्या रंगावर घासते किंवा रबराची पट्टी फाटते. भावाने गॅरेजच्या छताला कप्पी आणि चार पट्टे लावले आहेत. टप वर उचलायचा, गाडी खालून बाहेर काढायची, आणि उन्हाळाभर टप तसाच छताला टांगलेला. ज्यांच्याकडे कप्पी नाही ते चार माणसं बोलावतात.

कडक टप गेला म्हणजे कापडी लगेच बसला असं नाही. कापडाला धरायला सांगाडा लागतो: कमानी, दारांच्या वरच्या चौकटी, बाजूच्या कडेला कापड अडकवायच्या पट्ट्या, आणि फाळक्याच्या वर मागची खिडकी धरणारी आडदांडी. म्हणूनच जुना कापडी टप स्वस्तात मिळतोय असं कोणी सांगितलं तर विचारा, नुसतं कापड आहे की सांगाड्यासकट? सांगाड्याचे सुटे भाग गोळा करण्यात कापडापेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय गार कापड ताणून बसत नाही. रँगलरच्या पुस्तिकेत ५ अंश सेल्सिअसच्या खाली कापडी टप उघडायचा किंवा खिडक्या गुंडाळायच्या नाहीत असं सांगितलेलं आहे, कारण प्लॅस्टिक तडकतं. भाऊ टप आधी अर्धा तास उन्हात पसरून ठेवतो. ही युक्ती आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनाही उपयोगी आहे.

या सगळ्यात खरी कसोटीची जागा एकच: टप आणि गाडी यांच्यामधलं रबर. गॅरेजवाले त्याला बीडिंग म्हणतात. टप गाडीला चिकटलेला नसतो, तो या रबरावर दाबून बसलेला असतो. रबर थोडं चेपलं की फट बुजते. फार चेपलं तर ते कायमचं बसतं आणि दुसऱ्या वेळी फुगून वर येत नाही. म्हणून 'पाणी येतंय, बोल्ट अजून आवळ' हा उपाय चुकीचा. शिवाय फायबरमध्ये बसवलेली आटे असलेली धातूची गुंडी जास्त आवळल्यावर फिरायला लागते, आणि ते दुरुस्त करणं जिकिरीचं. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून लावायचे, टप नीट बसला का ते चारी बाजूंनी पाहायचं, आणि मगच पान्याने थोडेथोडे आवळायचे. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर शेवटचं भोक जुळत नाही.

बीडिंग कुठे दाबत नाही हे शोधायची सोपी रीत आहे. कागदाची पट्टी रबरावर ठेवून टप किंवा दार बंद करायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट आली तर ठीक, सहज निघाली तर तिथे फट आहे. दुसरी रीत खडूची: रबराला खडू घासायचा, बंद करून उघडायचं, आणि समोरच्या कडेवर पांढरी रेघ कुठे तुटली ते पाहायचं. मग पाण्याची नळी. ती कमी जोराने, खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची. वरूनच पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि शिरतंय कुठून ते समजत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवायचा. वर्षातून दोनदा रबराला सिलिकॉनचं ग्रीस पातळ चोळायचं. इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगून कुजतं.

आणि आता आपली थार. ती नाशिकमध्ये बनते, त्यामुळे आपल्याला ती घरची वाटते, आणि रँगलरसारखीच तिची टोपी बदलता येईल असा समज होतो. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली थार सुरुवातीला तीन रूपांत होती: कायमचा बसवलेला कापडी टप, मागे दुमडता येणारा कापडी टप आणि कडक टप. यातलं कुठलं हवं ते गाडी घेतानाच ठरवावं लागे. घरी बसून ऋतूप्रमाणे टप अदलाबदल करायची अशी तिची रचना नाही. जानेवारी २०२३ मध्ये आलेली, इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना देणारी थार कडक टपातच आली, आणि ऑगस्ट २०२४ मधल्या पाच दारांच्या थार रॉक्सचं छप्पर पत्र्याचं आणि कायमचं आहे. २०२१ पासून रँगलरची जुळणी पुण्याजवळ रांजणगावला होते, तिचा कडक टप मात्र सुटा होतो.

थारवर बाहेरून टप बदलणारे आहेत, त्यांची कामंही मी पाहिली आहेत. पण इथे कायदा लक्षात घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील यांच्यात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या टपावरून अपघाताच्या वेळी दाव्याचा वाद झाला तर तो वाद तुम्हाला परवडणार नाही.

जुन्या कापडी जीपवर आधीच फायबरचा टप बसवलेला असेल आणि अशी गाडी तुम्ही विकत घेत असाल, तर टपाकडे नका बघू, तो जिथे बसवला आहे तिथल्या भोकांकडे बघा. टप बसवताना गाडीच्या पत्र्याला नवी भोकं पाडली जातात. त्या कडांना रंग नसेल तर पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून चालत राहतो. मी एकदा अशीच एक जीप घ्यायला गेलो होतो. वरून चकचकीत, आणि सतरंजी उचलली तर मागच्या चाकाच्या वरचा पत्रा बोटाने दाबल्यावर आत गेला. दोष फायबरचा नव्हता, न रंगवलेल्या चार भोकांचा होता. फायबरच्या टपावर कॅरिअर टाकून चार पोती लादणाऱ्यांनाही हेच सांगणं: वजन पेलायला तो बनवलेला नाही. कॅरिअरचे पाय पिंजऱ्यावर किंवा गाडीच्या शरीरावर उतरायला हवेत.

चांगले चांगले चालक ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात ती आता सांगतो. कापडी टपाची फक्त मागची खिडकी गुंडाळून, बाकी सगळं बंद ठेवून लांबचा प्रवास करू नका. चौकोनी गाडी वेगाने पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत ओढला जाऊन मागच्या खिडकीतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या बाकावर बसलेली मुलं पेंगायला लागतात आणि आपल्याला वाटतं, हवा छान लागतेय म्हणून झोपली. मागचं उघडायचं असेल तर बाजूचंही उघडा, म्हणजे हवा आरपार जाईल.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. गाडी रात्री कुठे उभी राहणार? चिपळूणला उघड्या अंगणात, आंब्याखाली, चार महिने पावसात उभी राहणार असेल तर कडक टप घ्या. कापड तिथे वाळायलाच मिळत नाही, आणि ओलं कापड कुजतं. बंद शेडमध्ये उभी राहणार असेल तर कापडी टप वर्षानुवर्षं टिकतो. पुण्या-मुंबईत रस्त्याच्या कडेला उभी राहणार असेल, तर पुन्हा कडक. आणि दोन टपांचा विचार असेल तर दुसरा टप कुठे राहणार तेही सांगा. कडक टप दिवाणाएवढी जागा खातो. तो जमिनीवर आडवा ठेवला आणि एका बाजूने उंचवटा असेल तर महिन्याभरात पीळ धरतो, मग गाडीवर नीट बसत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी जागा कोणी देत नाही. गावाकडे पडवी असेल तर गोष्ट वेगळी.

माझी जीप शेडमध्ये असते, म्हणून तिच्यावर कापड आहे. दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी हूड उतरवून अंगणात पसरतो, मऊ ब्रशने शिवणीतली लाल माती काढतो, चेनच्या दातांवर मेणबत्ती घासतो, उसवलेली शिवण कुशनवाल्याकडून घालून घेतो आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवून परत ताणतो. मग माझी मुलगी नळी धरते, मी टॉर्च घेऊन आत बसतो. यंदा डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात तीन थेंब आले. तिथली बीडिंग परवा बदलली.